राडारोडा कुणाच्या हवाली करायचा? कोथरूडच्या एका पुनर्विकासाचं प्रकरण

पुनर्विकासात सळई कुठल्या कंपनीची, लिफ्ट कुठली, खिडक्यांचे सेक्शन किती जाडीचे, यावर सोसायटीच्या बैठका रात्री अकरापर्यंत चालतात. जुनी इमारत पाडून निघालेला माल कुठे जाणार, हा विषय मात्र दोन मिनिटांत उरकतो. "ते पाडकामवाला बघेल," असं कोणीतरी म्हणतं आणि पुढचा विषय निघतो. मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि विकसकाच्या बाजूने साइटची खरेदी व देखरेख बघते. २०२४च्या सुरुवातीला कोथरूडमधल्या एका सोसायटीचं पाडकाम आमच्याकडे आलं. तेव्हा राडारोड्यासाठी आम्ही पहिल्यांदाच वेगळे दर मागवले, वेगळा करार केला. त्यात काय जमलं आणि माझं कुठे चुकलं ते सविस्तर लिहिते आहे. सोसायटी, विकसक आणि पुरवठादार यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत.

जागा आणि माल

१९८०च्या दशकातल्या तीन इमारती, तळमजला अधिक तीन मजले, ४८ सदनिका, एकूण बांधकाम सुमारे ४,२०० चौरस मीटर. आरसीसीचा सांगाडा, विटांच्या भिंती, गच्चीवर निळ्या-पांढऱ्या चायना मोझॅकची फरशी. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या, त्यामुळे दहाचाकी हायवा (मोठा डंपर) वळत नाही. सहाचाकी डंपर तेवढा आत येतो.

दर मागवायच्या आधी माल किती निघणार हे काढायला बसलो. टायफॅक या केंद्रीय संस्थेचा एक जुना ठोकताळा या धंद्यात अजून वापरला जातो: इमारत पाडली की चौरस मीटरमागे ३०० ते ५०० किलो राडारोडा निघतो. आमच्या क्षेत्रफळाला तो लावला तर १,२६० ते २,१०० टन. मी मधला १,७०० टनांचा आकडा धरला. सहाचाकीत दहा टन धरले तर १७० खेपा.

या आकड्याचा उपयोग दोन ठिकाणी झाला. पहिला कायद्यासाठी. केंद्र सरकारच्या २०१६च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनुसार एका दिवसात २० टनांपेक्षा किंवा एका महिन्यात प्रकल्पामागे ३०० टनांपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी कचऱ्याचा आराखडा देऊन मंजुरी घ्यायची होती. शिवाय काँक्रीट, माती, वीट-मसाला आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग साइटवरच वेगळे करायचे होते. आम्ही या मर्यादेच्या कितीतरी वर होतो, त्यामुळे "आपलं काम लहान आहे" म्हणून सुटका नव्हती. (१ एप्रिल २०२६पासून २०२५चे नवे नियम लागू झाले आहेत. त्यात २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर पुनर्वापराची वाढीव जबाबदारी आहे. आमचा प्रकल्प त्याहून लहान आहे, पण मोठ्या प्रकल्पांवर काम करणाऱ्यांनी ते नियम मुळातून वाचावेत.)

दुसरा उपयोग समोरच्याचं बोलणं तपासायला झाला. त्याविषयी पुढे.

चार प्रस्ताव

पहिला प्रस्ताव नेहमीच्या पाडकामवाल्याचा. तो इमारत पाडणार, सगळा माल उचलणार, सळई, ग्रिल, पाइप, सागवानी चौकटी त्याच्या. वर विकसकालाच तो पैसे देणार. ही रीत जुनी आणि सर्वत्र आहे. २८ ऑगस्ट २०२२ला नोएडातले ते दोन जुळे मनोरे स्फोटकांनी पाडले, तेव्हाही निघणाऱ्या भंगाराची किंमत पाडकामाच्या हिशेबात धरलेली होतीच. रीतीत काही वाईट नाही. पण तिचा हिशेब नीट मांडून पाहिला पाहिजे. अशा करारात सळई म्हणजे पाडकामवाल्याची कमाई आणि राडारोडा म्हणजे त्याचा खर्च. राडारोड्याची प्रत्येक खेप जितकी जवळ रिकामी होईल तितके पैसे त्याच्या खिशात. हा करार करून आपणच त्याला सांगत असतो की माल लांब नेऊ नकोस.

मी त्याला विचारलं, किती गाड्या लागतील?

"शंभर-एकशेदहा गाड्यांत सगळं उरकतं, मॅडम."

एकशेदहा गाड्या म्हणजे अकराशे टन. माझ्या हिशेबातल्या सगळ्यात खालच्या आकड्याहूनही कमी. राहिलेला माल कुठे जाणार होता? काही विटा साफ करून विकल्या जातात, ते मान्य. पण त्या धरूनही मेळ बसत नव्हता. माल टाकणार कुठे, यावर त्याचं उत्तर होतं "पलीकडे". पलीकडे म्हणजे कुठे, ते तीनदा विचारूनही कळलं नाही. माणूस मनाने वाईट नव्हता. त्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता.

दुसरा प्रस्ताव एका वाहतूकदाराचा. स्वतःचे तीन डंपर, गरज पडेल तसे भाड्याचे. माल महापालिकेच्या वाघोलीच्या राडारोडा प्रक्रिया प्रकल्पावर नेणार, दर टनावर, आणि प्रकल्पाचं शुल्क बिलात वेगळं दाखवणार.

तिसरा एका मोठ्या कंपनीचा. साइटवरच फिरता क्रशर आणून काँक्रीट भरडायचं, वापरता येईल तो माल तिथेच वापरायचा, उरलेला न्यायचा, दर आठवड्याला अहवाल द्यायचा. सादरीकरण उत्तम होतं. दर मात्र दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि आमच्या प्लॉटवर क्रशर, खडीचे ढीग आणि डंपर यांना एकत्र उभं राहायला जागाच नव्हती. लागून असलेल्या इमारतींत म्हातारी माणसं, आवाज आणि धुळीचा प्रश्न वेगळाच. दोन-तीन एकरांचा प्लॉट असता तर मी त्यांच्याशीच पहिल्यांदा बोलले असते.

चौथा प्रस्ताव कागदावर नव्हता. एका ओळखीच्यांच्या शेताला भराव हवा होता. "फुकट नेतो, तुमचाही फायदा, आमचाही." हा मोह मोठा असतो आणि प्रत्येक साइटवर येतो. त्या शेताच्या कडेने ओढा जातो, हे जागा पाहायला गेले तेव्हा दिसलं. प्लास्टर, फरशा, वायरी, प्लास्टिकचे पाइप असा मिसळलेला माल ओढ्याच्या काठाला टाकायचा म्हणजे पुढच्या पावसात तो ओढ्यात. शिवाय जिथे भराव घालायला परवानगी नाही तिथे माल टाकला, तर तो कुणाच्या इमारतीचा होता हेच आधी विचारलं जातं.

दर एका मापात आणणं

पाडकामवाला गाडीवर बोलतो, माती-मुरूमवाला ब्रासवर, प्रकल्प टनावर. ही तीन मापं एकमेकांत बदलल्याशिवाय दरांची तुलना करणं व्यर्थ आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. पण एका ब्रासात टन किती, हे मालावर ठरतं. विटांचा चुरा हलका, काँक्रीटची ढेपळं मध्ये पोकळ्या ठेवून बसतात, ओली माती जड. आम्ही अंदाजावर न राहता कंपाउंडची भिंत आधी पाडली, त्या मालाने एक डंपर भरला, फाळक्याच्या आतून टेपने मापं घेतली आणि गाडी जवळच्या खासगी वजनकाट्यावर नेली. ब्रासाला साधारण ३.६ टन आले. दीड तासाचं काम, पण त्यानंतर कुणाच्याही दराला मी एका मिनिटात टनात आणू शकत होते.

मापाबरोबर दरात काय धरलंय तेही बघावं लागतं. ताडपत्री, भरणाऱ्या जेसीबीचं भाडं, ढीग वेगळे करणारे मजूर, दिवसा अवजड वाहनांना बंदी असलेल्या वेळेत डंपर उभा राहिला तर त्याचा खर्च, हे सगळं कुठे ना कुठे बसलेलं असतं. दुसऱ्या प्रस्तावात मजूर धरलेले नव्हते. ते मिळवल्यावर त्याचा दर बराच वर गेला. तरी तिसऱ्याच्या खालीच राहिला.

वाघोलीची फेरी

दर पाहून झाल्यावर मी वाहतूकदाराला म्हटलं, गेल्या महिन्याच्या तुमच्या पावत्या दाखवा. त्याने पुस्तकच समोर ठेवलं. पण पावतीपुस्तक कोणीही छापून घेऊ शकतो, म्हणून त्यातल्या पाच पावत्यांचे नंबर लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी वाघोलीला गेले. कोथरूडहून ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. याच अंतरामुळे गाड्या वाटेत रिकाम्या होतात, हे तिथे पोहोचेपर्यंत अंगाला कळलं.

ज्यांनी असा प्रकल्प पाहिला नाही त्यांनी एकदा जरूर पाहावा. गाडी आधी काट्यावर चढते. माल उतरवल्यावर हाताने लाकूड, कापड, प्लास्टिक वेचतात. मग जबडा-क्रशर, लोखंड ओढून घेणारं चुंबक, चाळण्या. शेवटी वेगवेगळ्या मापांची खडी आणि वाळूसारखा बारीक माल बाहेर पडतो. त्यातून पेव्हर ब्लॉक आणि रस्त्याकडेचे दगड करता येतात. ज्या भिंतीचा माल काल मी टेपने मोजला होता, त्याचं असं काही होऊ शकतं, हे बघून मला मनापासून बरं वाटलं.

पाच पैकी चार नंबर जुळले. पाचव्या पावतीवरची गाडी वाहतूकदाराने दिलेल्या यादीत नव्हती. विचारल्यावर म्हणाला, "ती भाड्याची होती, ताई. गर्दी असली की घेतो." मी ते वहीत टिपलं आणि सोडून दिलं. ही माझी चूक.

करार

पाडकाम पहिल्याला आणि राडारोडा दुसऱ्याला अशी फोड केली. पाडकामवाला सळई नेणार, पण माल चार ढिगांत लावून देणं त्याच्या कामात. सळई सोडवून झाल्याशिवाय काँक्रीट गाडीत भरायचं नाही, हे दोघांच्याही करारात लिहिलं. विकसकसाहेब आधी तयार नव्हते. एकाच माणसाकडे सगळं दिलं की डोक्याला ताप कमी, हे त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. ते राजी झाले ते एका साध्या कारणाने: आराखडा महापालिकेत त्यांच्या सहीने जाणार होता.

वाहतूकदाराच्या करारातली कलमं थोडक्यात अशी. पैसे प्रकल्पाच्या काट्याच्या पावतीवरच मिळतील, गेटवरच्या नोंदीवर मिळणार नाहीत. गेटवर आमच्या वहीत गाडीचा नंबर, वेळ, ढीग कुठला, आणि भरलेल्या गाडीचा फोटो. पावती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत यायला हवी. आठवड्यातून कुठल्याही दोन गाड्या आम्ही बाहेरच्या काट्यावर नेणार, कारण टनावर पैसे म्हटलं की ढिगावर पाणी मारून वजन वाढवायची युक्ती ठरलेली. दहा टक्के रक्कम शेवटपर्यंत राखून. आणि शेवटचं कलम: माल दुसरीकडे पडलेला आढळला तर तो पुरवठादाराने स्वखर्चाने उचलून प्रकल्पावर न्यायचा.

पार्किंगच्या शेडवर सिमेंटचे जुने पत्रे होते. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, आणि ते फोडलं की त्याचे तंतू हवेत जातात. पाडकामवाला म्हणत होता घण घालून सगळ्याबरोबर टाकू. ते होऊ दिलं नाही. पत्रे ओले करून, बोल्ट काढून, अख्खे उतरवले, प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या प्रकल्पात स्वतंत्रपणे पाठवले. पत्र्यांच्या किमतीहून जास्त खर्च आला. मजुरांना मास्क दिले. ते दिवसभर लावून ठेवतील हे बघायला मी शेडखाली उभी राहिले.

तिसरा आठवडा

पहिले दोन आठवडे वही आणि पावत्या जुळत होत्या. तिसऱ्या आठवड्यात गेटवर एका दिवसात १९ गाड्या, पावत्या १६. वाहतूकदार म्हणाला, काट्यावर गर्दी होती, उद्या येतील. उद्या आल्या नाहीत. परवाही नाही.

त्या शनिवारी सोसायटीतल्या एका निवृत्त काकांचा फोन आला. पुनर्विकासामुळे ते तात्पुरते सिंहगड रस्त्याला राहत होते आणि सकाळी नदीकाठाने फिरायला जात. ते म्हणाले, "मॅडम, आपली गच्ची इथे नदीत पडलीय."

मी तासाभरात पोहोचले. मुठेच्या पात्राच्या कडेला तीन ढीग, ताजे, आणि वरच निळ्या-पांढऱ्या मोझॅकचे तुकडे. त्या गच्चीवर काकांनी चाळीस वर्षं कोजागरी केली होती. ते काही बोलले नाहीत, एक तुकडा हातात घेऊन उभे होते. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल. कारण कागदावर मी सगळं चोख केलं होतं आणि तरीही जे टाळण्यासाठी केलं तेच झालं होतं.

तीनही गाड्या भाड्याच्या होत्या. वाहतूकदार त्या चालकांना खेपेवर पैसे देत होता. म्हणजे मी वाहतूकदाराशी टनावर व्यवहार केला, पण त्याने पुढे तोच जुना व्यवहार चालू ठेवला होता. वाघोलीहून परत यायला लागणाऱ्या वेळात चालकाच्या दोन खेपा होतात. त्याला दोष द्यावा असं मला अजूनही वाटत नाही. पाचव्या पावतीवर मला हीच गोष्ट दिसली होती आणि मी पुढचा प्रश्न विचारला नव्हता: भाड्याच्या चालकाला तुम्ही पैसे कशावर देता?

शेवटच्या कलमाने काम केलं. मी त्याच दिवशी लेखी कळवलं, गेटचे फोटो जोडले. फोटोत गाडीच्या वर तेच निळे तुकडे दिसत होते, त्यामुळे वाद झालाच नाही. सोमवार-मंगळवारी जेसीबी लावून ढीग उचलले, जमिनीपर्यंत खरवडून घेतले, आणि तीनऐवजी चार गाड्यांच्या पावत्या आल्या, कारण खाली दुसऱ्या कुणाचा जुना मालही होता. तोही त्याने नेला, आणि त्या चौथ्या गाडीचे पैसे आम्ही दिले.

उरलेल्या कामासाठी दोन बदल केले. भाड्याच्या गाड्या फक्त आधी कळवलेल्या नंबरांच्या, आणि त्या चालकांना खेपेचे पैसे पावती दाखवल्यावर. त्यासाठी आम्ही टनामागचा दर थोडा वाढवून दिला. वाढ वाहतूकदाराने मागितली नव्हती. वाघोलीपर्यंत जाऊन येणं चालकाला परवडलंच पाहिजे, एवढाच माझा मुद्दा होता. त्यानंतर शेवटपर्यंत एकही पावती कमी पडली नाही.

त्याच वर्षी २५ जुलैला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत शिरलं. नदीपात्रात टाकलेल्या राडारोड्याची तेव्हा शहरभर चर्चा झाली. आमचे तीन ढीग तोवर उचललेले होते. तरी त्या दिवशी टीव्हीसमोर बसवेना.

आकडे आणि पुढचा माल

पावत्यांची बेरीज १,६१० टन झाली. मी धरलेल्या १,७००च्या जवळ. सळई, अख्ख्या विटा आणि चौकटी यांत नाहीत. पाडकामवाल्याच्या अकराशे टनांशी याची तुलना केली की "पलीकडे" किती माल गेला असता ते दिसतं.

खोदाईची माती आणि मुरूम यांचा या कराराशी संबंध ठेवला नाही. त्यांना वेगळी मागणी असते आणि वेगळे कागद लागतात: गौण खनिज म्हणून महसूल खात्याची परवानगी, स्वामित्वधन (रॉयल्टी), वाहतुकीचे पास. राडारोड्याच्या चलनावर मुरूमाची गाडी निघाली तर ती वाटेत अडवली जाते, आणि ते बरोबरच आहे.

प्रक्रिया केलेला माल परत आणायचा प्रयत्नही केला. भारतीय मानक ३८३च्या २०१६च्या आवृत्तीत काँक्रीटपासून काढलेली खडी एम२५ ग्रेडपर्यंतच्या आरसीसीत २० टक्के आणि हलक्या दर्जाच्या भर-काँक्रीटमध्ये १०० टक्क्यांपर्यंत चालते. आमचे कॉलम त्याहून वरच्या ग्रेडचे, त्यामुळे स्ट्रक्चरल सल्लागारांनी सांगाड्यात ती वापरायला नकार दिला आणि तो योग्य होता. फुटिंगखालच्या पीसीसीत, म्हणजे पायाखालच्या बिनसळईच्या काँक्रीटच्या थरात, मात्र वापरली. पार्किंगला याच मालाचे पेव्हर ब्लॉक घेतले.

ज्याचा मी दर मागवतानाच विचार करायला हवा होता, तो माल आता रोज निघतो. नव्या बांधकामात चौरस मीटरमागे ४० ते ६० किलो एवढाच कचरा धरतात, पाडकामाच्या मानाने किरकोळ. पण त्यात फरशीचे तुकडे, रंगाचे डबे, थर्माकोल, प्लायच्या पट्ट्या, सिमेंटच्या गोण्या असं सगळं थोडं थोडं असतं. डंपर भरत नाही म्हणून वाहतूकदार येत नाही, आणि घंटागाडी तो घेत नाही. डबे, गोण्या आणि प्लाय यांना भंगारवाला मिळाला. पीओपी आणि जिप्समचे तुकडे कुणालाच नकोत, कारण ते खडीत मिसळले तर तिची प्रत घसरते. सध्या ते गोण्यांत भरून तळघराच्या कोपऱ्यात, पावसाचं पाणी लागणार नाही असे रचून ठेवले आहेत. दोन जणांकडे दर मागितले आहेत. त्यांतला एक शुक्रवारी माल बघायला येतोय, आणि त्याच्यासाठी वहीत पहिला प्रश्न लिहून ठेवलाय: चालकाला पैसे कशावर देता?